बांध कोरणारे भाषांतर

आमच्या लहानपणी गावातील निम्मी भांडणे बांधावरून होत असत. बांध कोणी एका रात्रीत मोडत नसे. नांगरणीच्या वेळी या वर्षी चार बोटे, पुढच्या वर्षी आणखी चार बोटे, असा तो कोरला जाई. शेजारी परगावी असला, आजारी असला किंवा नुसता भोळा असला तर त्याच्या ध्यानातही येत नसे. दहा वर्षांनी भाताची एक आख्खी ओळ दुसऱ्याच्या खळ्यात गेलेली असे, आणि कोरणारा शपथेवर सांगे की बांध पहिल्यापासून इथेच आहे. शेजाऱ्याच्या शेताची सीमा सरकवणाऱ्याला पवित्र शास्त्राने शाप सांगितला आहे. ज्या पुस्तकात तो शाप आहे, त्याचे मराठी नाव ‘अनुवाद’ आहे. हा निव्वळ योगायोग. पण गेली काही वर्षे हे नाव वाचताना मी थबकतो.

कारण बांध वाक्यातही असतो. लिहिणारा मनुष्य प्रामाणिक असेल तर तो आपल्या विधानाला सीमा घालतो. ‘काही प्रसंगी’, ‘आपोआप’, ‘फक्त’, ‘इतकेच’, ‘कदाचित’ हे शब्द म्हणजे त्याने रोवलेले हद्दीचे दगड. मी इथवर बोलतो आहे, यापुढचे माझे म्हणणे नाही, असे तो या शब्दांनी सांगतो. भाषांतरकार जेव्हा हा दगड उचलून फेकतो किंवा चार हात पुढे सरकवतो, तेव्हा त्या मनुष्याने जे म्हटले नाही ते त्याच्या तोंडी घातले जाते. माझा आक्षेप आहे तो स्पॅनिशमधून इंग्रजीत येणाऱ्या अशा सीमावाचक शब्दांच्या हेळसांडीवर. तिला मी शैलीतील उणीव समजत नाही. आठव्या आज्ञेने निषिद्ध ठरवलेली खोटी साक्ष ती हीच, असे माझे मत आहे.

मराठी धर्मग्रामातील कुटुंबांना स्पॅनिशशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे. २०१३ ते २०२५ या काळात ख्रिस्तसभेचे नेतृत्व करणाऱ्या पोप फ्रान्सिस यांची मातृभाषा स्पॅनिश होती. ‘एव्हांजेली गाउदियुम’ हे त्यांचे प्रेरितीय उद्बोधनपत्र मुळात स्पॅनिशमध्ये सिद्ध झाले. आजचे पोप लिओ चौदावे शिकागोत जन्मले असले तरी पेरू देशातील चिक्लायो येथे त्यांनी बिशप म्हणून सेवा केली. ८ मे २०२५ रोजी सज्जातून जगाला पहिले दर्शन देताना ते इटालियनबरोबर स्पॅनिशही बोलले, इंग्रजी बोलले नाहीत. संत इग्नेशियस, आविलाची संत तेरेजा, क्रूसभक्त संत योहान हे स्पॅनिशमध्ये लिहिणारे. आणि आपण हे सारे वाचतो ते बहुधा इंग्रजीतून, किंवा इंग्रजीवरून केलेल्या मराठीतून. वरच्या शेतातला बांध फुटला की गाळ खालच्या शेतात येतो. आपण खालच्या शेतात बसलो आहोत.

सेमिनरीत असताना एका वृद्ध स्पॅनिश धर्मगुरूंनी आम्हा तिघाचौघांना फावल्या वेळात त्यांची भाषा शिकवली. त्यांचा पहिला आवडता शब्द ‘आकोतार’. त्यांनी फळ्यावर एक शेत काढले आणि चार कोपऱ्यांत चार दगड. दगडांनी राखलेली जागा म्हणजे ‘कोतो’. लॅटिनमधील ज्या शब्दावरून तो आला त्याचा अर्थ ‘सावधगिरीने राखलेले’ असा आहे. इंग्रजीतील ‘कॉशन’ हा त्याच घराण्यातला. स्पेनच्या दक्षिणेस ग्वादालकिविर नदीच्या मुखाशी दोन्याना हे विस्तीर्ण पाणथळ रान आहे. त्याला लोक पूर्वापार ‘कोतो’ म्हणत आले. एके काळी ते शिकारीसाठी राखलेले रान होते आणि १९६९ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तेव्हा ‘आकोतार’ म्हणजे एखादी जागा राखण्यासाठी तिच्या सीमा आखणे. पुढे हा शब्द विचारालाही लागू झाला. प्राध्यापक विद्यार्थ्याला म्हणतो, विषय ‘आकोतार’ कर. म्हणजे तुझे शेत कोणते ते ठरव, म्हणजे नीट कसता येईल.

आता इंग्रजी भाषांतरांत याचे काय होते ते पाहा. घाईच्या भाषांतरकाराजवळ एकच हत्यार असते, ‘लिमिट’. फार तर ‘रेस्ट्रिक्ट’. प्राध्यापकाने विषय आखून घेण्यास सांगितले होते. इंग्रजीत त्याने विषयावर निर्बंध घातले असे वाटते. बांधाची भिंत होते. बांधावरून माणसे चालतात, शेजारी बसून भाकरी खातात, पाणी कोणाकडे किती जाईल ते बांध ठरवतो. भिंत नुसती अडवते. स्पॅनिशमध्ये यासाठी निरनिराळे शब्द आहेत. ‘लिमितार’ म्हणजे मर्यादा घालणे. ‘देलिमितार’ म्हणजे सीमा स्पष्ट करणे. ‘रेस्त्रिंखीर’ म्हणजे आवळणे, कमी करणे. ‘सिर्कुन्स्क्रिबीर’ म्हणजे भोवती रेघ ओढून आतच ठेवणे. ‘सेन्यीर’ हे क्रियापद कंबर कसण्याचे. मिस्सेपूर्वी आम्ही पांढऱ्या झग्यावर दोरी बांधतो तिचे नाव याच कुळातले. एखाद्याने विषयाशी ‘सेन्यीर’ व्हावे म्हणजे विषय अंगाला घट्ट बांधून घ्यावा, सैल सुटू नये. इंग्रजीतही यांना जोडीदार आहेत: ‘नॅरो डाउन’, ‘डिफाइन’, ‘कन्फाइन’, ‘स्टिक टू’. दारिद्र्य भाषेचे नाही. शोधण्याचा कंटाळा आहे.

शिवाय ‘आकोतार’चे एक जुळे भावंड आहे. रूप तेच, मूळ वेगळे. त्याचा अर्थ नकाशावर उंचीचे वा मापाचे आकडे घालणे, मजकुराच्या कडेला टीप लिहिणे. नाटकात पात्राने कुठून यावे, कसे बोलावे या कंसातील सूचनेला ‘आकोतासियोन’ म्हणतात. अर्जेंटिनातील वर्तमानपत्रांत ‘असे त्यांनी आकोतार केले’ याचा अर्थ ‘अशी त्यांनी पुस्ती जोडली’ एवढाच असतो. हे न जाणणारा भाषांतरकार बोलणाऱ्याने काहीतरी मर्यादित केले असे लिहून मोकळा होतो, आणि वाचक बिचारा काय मर्यादित केले ते शोधत बसतो.

ही झाली सौम्य उदाहरणे. आता ज्यांनी जगभर वाद पेटवला त्यांकडे वळू.

‘एव्हांजेली गाउदियुम’ २६ नोव्हेंबर २०१३ रोजी प्रसिद्ध झाले. त्यातील ५४ व्या परिच्छेदात पोपमहोदयांनी एका आर्थिक सिद्धान्ताची झाडाझडती घेतली आहे. श्रीमंतांची घागर भरली की ती ओसंडून गरिबांपर्यंत पाणी पोचते, असा तो सिद्धान्त. स्पॅनिश पाठात म्हटले आहे की, या सिद्धान्ताच्या मते बाजाराच्या स्वातंत्र्याने वाढलेली प्रत्येक आर्थिक वृद्धी ‘पोर सी मिस्मो’ अधिक समता घडवून आणते. ‘पोर सी मिस्मो’ म्हणजे आपली आपण, दुसऱ्या कशाच्याही साहाय्याशिवाय. अधिकृत इंग्रजी पाठात या तीन शब्दांच्या जागी ‘इनएव्हिटेबली’ हा शब्द आला. म्हणजे अटळपणे, हमखास.

दोहोंत अंतर किती आहे ते प्रत्येक गृहिणी सांगू शकेल. भात आपला आपण शिजतो का, हा एक प्रश्न; भात हमखास शिजतो का, हा दुसरा. पहिल्यात विचारले आहे की, विस्तव कोण घालणार, पाणी कोण ओतणार. दुसऱ्यात स्वयंपाकाची खात्री विचारली आहे. पोपमहोदयांचा प्रश्न पहिला होता: बाजार एकट्याने न्याय देऊ शकतो का, की कायद्याची, शासनाची, सद्सद्विवेकाची जोड लागते? अर्थशास्त्रज्ञांनी चर्चा करावी असाच तो प्रश्न होता. इंग्रजी वाचकांसमोर मात्र निराळाच मुद्दा गेला. अमेरिकेतील मुक्त बाजाराच्या कैवाऱ्यांनी रास्तपणे विचारले की, वाढीतून हमखास न्याय येतो असे आमच्यापैकी म्हणतो तरी कोण? पोप आमच्यावर नसते मत लादत आहेत. टीका झाली, थट्टा झाली, एका प्रसिद्ध रेडिओ वक्त्याने तर मार्क्सवादाचा आरोप केला. इंग्रजी नीट असते तर या मंडळींचा विरोध मावळला असता असे मी म्हणत नाही. पण निदान भांडण खऱ्या बांधावर झाले असते. तीन लहान शब्द गेले आणि दोन्ही पक्ष भलत्याच शेतात एकमेकांवर ढेकळे फेकत राहिले.

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे आहे, कारण त्यात चूक माझी आहे.

‘आमोरिस लेतिसिया’ हे कुटुंबाविषयीचे पत्र एप्रिल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील ३५१ क्रमांकाच्या तळटीपेवर जगात जेवढी शाई खर्च झाली तेवढी मुख्य मजकुरावर क्वचितच झाली असेल. ज्यांच्या विवाहाची स्थिती ख्रिस्तसभेच्या नियमात बसत नाही, अशांना ख्रिस्तसभा कोणत्या प्रकारे साहाय्य करते हा विषय. तळटीप सांगते की, काही प्रसंगी यात संस्कारांचे साहाय्यही येईल. स्पॅनिश पाठात क्रियापद आहे ‘पोद्रिया’. हे संकेतार्थी रूप. इंग्रजीत त्याला ‘कुड’ किंवा ‘माइट’ शोभले असते. अधिकृत इंग्रजीत आले ‘कॅन’. स्पॅनिशमध्ये ‘कॅन’साठी ‘पुएदे’ हा शब्द आहे. तो वापरायचा असता तर लिहिणाऱ्याला कोणी अडवले नव्हते.

त्या वर्षी एका कुटुंबमेळाव्यात मी या पत्रावर बोललो. समोर इंग्रजी पाठ होता. मी मराठीत म्हणालो, “काही प्रसंगी संस्कारांचे साहाय्यही मिळू शकते.” आपल्या मराठीत ‘शकते’ आणि ‘शकेल’ यांत किती अंतर आहे ते माझ्या आईलाही ठाऊक होते, आणि ती चौथीपर्यंत शिकलेली. ‘शकते’ म्हणजे दार आहे, उघडे आहे. ‘शकेल’ म्हणजे दार असू शकेल, चला शोधू. मंदिराच्या पायऱ्या उतरेपर्यंत ‘काही प्रसंगी’ हे शब्द गळून पडले आणि ‘शकते’चे ‘मिळते’ झाले. तीन आठवड्यांनी एक जोडपे भेटीस आले. दोघांचा हा दुसरा संसार, मुले मोठी झालेली, दर रविवारी न चुकता मिस्सेला येणारे आणि कम्युनियनच्या वेळी बाकावरच बसून राहणारे. बाई म्हणाल्या, “फादर, आता आम्ही कम्युनियन घ्यायला येऊ ना?” मी त्यांना समजावू लागलो की तसे थेट नाही, हा एक मार्ग आहे, त्यात विवेकाने पारख करावी लागते, धर्मगुरूंबरोबर बसावे लागते, प्रत्येकाची परिस्थिती निराळी असते. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “मग तेव्हा तसं का सांगितलंत?” यजमानांनी त्यांचा हात धरला आणि दोघे उठले.

त्या रात्री मी स्पॅनिश पाठ उघडला. तो आधी उघडायला हवा होता. भाषा मला येत होती, पुस्तक मिळत होते, फक्त कष्ट नको होते. इंग्रजी भाषांतरकाराने चार बोटे बांध कोरला होता. मी आणखी चार बोटे कोरला.

येथे एक गोष्ट स्वच्छ सांगतो. या तळटीपेचा अर्थ कसा लावावा हा वाद मी उकरून काढीत नाही. ब्वेनोस आयरेस प्रदेशातील बिशपांनी सप्टेंबर २०१६ मध्ये काही निकष आखले. पोपमहोदयांनी ते पत्राद्वारे मान्य केले, आणि तो पत्रव्यवहार पुढे पवित्र सिंहासनाच्या अधिकृत पत्रिकेत छापला गेला. ते निकषही अटींनी बांधलेले आहेत. माझा मुद्दा एवढाच की, ‘पोद्रिया’ असे लिहिणारा मनुष्य आशा देत होता आणि त्याच वेळी सावधपणे पाऊल टाकत होता. त्याचा सावधपणा काढून टाकला तर उरलेली आशाही खोटी होते. ती खोटी झाल्याचे मी त्या बाईंच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

काही विद्वान म्हणतात की हे फार बारकाईचे झाले. शब्द इकडेतिकडे झाले तरी आशय पोचला म्हणजे पुरे. त्यांना मी विचारतो, सीमा घालणारा शब्द काढल्यावर आशय पोचतोच कसा? काही साधी वाक्ये घ्या. ‘माझ्याजवळ शंभरच पेसो आहेत’ आणि ‘माझ्याजवळ शंभरापेक्षा जास्त पेसो नाहीत’ या दोन वाक्यांत स्पॅनिश भाषेत फरक पडतो तो एका लहानग्या शब्दाने. एकात ‘मास’नंतर ‘के’ येतो, दुसऱ्यात ‘दे’. पहिल्यात रक्कम सांगितली आहे. दुसऱ्यात कमाल मर्यादा, खिशात कदाचित साठच असतील. न्यायालयात साक्षीदार उभा असेल तर हा बारकावा आहे का?

‘आस्ता’ हा शब्द घ्या. अर्थ ‘पर्यंत’. स्पेनमध्ये बँक दहा ‘आस्ता’ उघडी असते म्हणजे दहाला बंद होते. मेक्सिकोत बँक ‘आस्ता’ दहा उघडते असे म्हटले तर दहाच्या आधी ती उघडत नाही असा अर्थ होतो. तीच अक्षरे, एका देशात दिवसाचा शेवट सांगतात, दुसऱ्या देशात आरंभ. बोलणारा कोणत्या गावचा हे ज्याने विचारले नाही, त्याने भाषांतर करू नये.

आणि ‘सोलो’. याचे दोन अर्थ: ‘फक्त’ आणि ‘एकटा’. पूर्वी ‘फक्त’ या अर्थी त्यावर एक आघातचिन्ह देत. स्पॅनिश राजभाषा अकादमीने २०१० साली ते चिन्ह अनावश्यक ठरवले. लेखकांनी बंड केले, आणि तेरा वर्षांच्या वादानंतर मार्च २०२३ मध्ये अकादमीला सांगावे लागले की, जिथे संदिग्धता होईल असे लेखकाला वाटते तिथे त्याने चिन्ह द्यावे. एका टिंबासारख्या रेघेसाठी अख्खे भाषिक जग तेरा वर्षे भांडले, यावरून सीमावाचक शब्दाची किंमत त्या लोकांना किती वाटते ते समजावे. चिन्हाशिवाय ‘मी सोलो रविवारी काम करतो’ या वाक्याचे इंग्रजी दोन प्रकारे होईल: मी फक्त रविवारी काम करतो, किंवा रविवारी मी एकटा काम करतो. आम्हा धर्मगुरूंविषयी पहिला समज बऱ्याच जणांचा असतो आणि दुसरी वस्तुस्थिती बऱ्याच ठिकाणी असते. तेव्हा हे वाक्य आमच्या तोंडी आले तर भाषांतरकाराने जरा विचार करावा. आपल्या मराठीने ‘च’ हे एकच अक्षर देऊन हा प्रश्न किती सुंदर सोडवला आहे! ‘रविवारीच’ आणि ‘मीच’. ज्याला सीमा घालायची त्याच शब्दाला दगड चिकटवून टाकला. ज्या भाषेत हा ‘च’ आहे, तिच्या लेकरांनी तरी ‘फक्त’च्या जागेविषयी बेफिकीर राहू नये.

दुसरे विद्वान नेमके उलट बोलतात. ते म्हणतात, शब्दास शब्द ठेवा म्हणजे भांडण मिटले. यांच्याही मागे मी जाणार नाही. ‘एस्त्रेचार’ या स्पॅनिश क्रियापदाचा कोशातला पहिला अर्थ अरुंद करणे. पण दोन राष्ट्रे आपले संबंध ‘एस्त्रेचार’ करतात तेव्हा ते दृढ करतात. दोन माणसे हात ‘एस्त्रेचार’ करतात म्हणजे हस्तांदोलन करतात. आई लेकराला बाहूंत ‘एस्त्रेचार’ करते म्हणजे उराशी धरते. जागा कमी झाली ती दोघांमधली. येथे शब्दाला शब्द ठेवणारा मैत्रीचे वैर करून बसेल. मेक्सिकोतील करारपत्रांत एखाद्या यादीपुढे ‘एनुन्सियातिवा, मास नो लिमितातिवा’ असे लिहितात. अर्थ असा की, यादी उदाहरणादाखल आहे, तेवढ्यावर संपत नाही. याचे ‘अमर्याद’ असे भाषांतर करणारा आपल्या पक्षकाराला अमर्याद दायित्वात बुडवील. याउलट यादी ‘ताक्सातिवा’ असेल तर ती परिपूर्ण, तिच्याबाहेर काहीही नाही. इंग्रजी ‘टॅक्स’शी, करआकारणीशी, तिच्या अर्थाचा काही संबंध नाही.

शब्दामागे इतिहास असतो तोही शब्दास शब्द ठेवून येत नाही. ‘देस्लिंदार’ म्हणजे दोन जमिनींच्या सीमा ठरवून वेगळ्या करणे. निरुपद्रवी शब्द. पण मेक्सिकोत १८८३ च्या कायद्याने पडीक सरकारी जमिनींची अशी मोजणी करण्याचे काम खासगी कंपन्यांना दिले आणि मोबदला म्हणून मोजलेल्या जमिनीचा तिसरा हिस्सा देऊ केला. पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या पण कागद नसलेल्या गावकऱ्यांच्या जमिनी त्या मोजणीत पडीक ठरल्या. १९१० साली उसळलेल्या क्रांतीमागे जमिनीचा जो संताप होता, त्यात या मोजणीचाही वाटा होता. इंग्रजी इतिहासग्रंथांत या केवळ ‘सर्व्हे’ कंपन्या होतात. भाषांतर चुकले असे म्हणता येणार नाही. पण बांध आखणाऱ्यानेच शेत गिळले, ही गोष्ट त्या शब्दात दिसत नाही. तिथे भाषांतरकाराने एका वाक्याची ‘आकोतासियोन’, कडेची टीप, द्यायला काय हरकत होती?

उपासनेच्या भाषेतही हे घडले आहे. प्याल्यावरील शब्दांत लॅटिनमध्ये ‘पुष्कळांसाठी’ अशा अर्थाचे शब्द आहेत. इंग्रजीत आणि स्पेनच्या स्पॅनिशमध्ये कित्येक वर्षे ‘सर्वांसाठी’ असे म्हटले जाई. नवे इंग्रजी मिस्साग्रंथ २०११ च्या आगमनकाळात आले तेव्हा तेथे ‘पुष्कळांसाठी’ झाले. स्पेनमध्ये तो बदल ५ मार्च २०१७ रोजी, प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी, अमलात आला. मधल्या पाच वर्षांहून अधिक काळ एकाच मिस्सेत इंग्रजी आणि स्पॅनिश भाविक दोन निराळ्या व्याप्तीचे शब्द ऐकत होते. त्यावर काही भाविक कळवळले: ख्रिस्त सर्वांसाठी मेला ना? मग आम्हाला वगळले का? ख्रिस्तसभेचे उत्तर स्पष्ट आहे की तो सर्वांसाठी मेला. ‘पुष्कळ’ हा शब्द दार लावीत नाही. तो प्रभूच्या तोंडचा शब्द आहे तसा राखतो आणि त्याचा अर्थ सांगण्याचे काम प्रवचनावर सोपवतो. मूळ शब्द राखणे आणि तो समजावणे ही दोन वेगळी कामे आहेत. भाषांतरकाराने दुसऱ्याचे काम आपल्या हाती घेतले की पहिले बिघडते.

मग भाषांतर करावे तरी कसे? आशयवाद्यांचे ऐकावे की शब्दवाद्यांचे? माझ्यापुरता मी संत इग्नेशियस यांच्याकडे जातो. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधने’च्या पायाभूत विचारात ‘तांतो… क्वांतो’ अशी जोडी आहे: जितके, तितके. निर्मित वस्तू माणसाला त्याच्या अंतिम ध्येयाकडे जितक्या नेतात तितक्याच वापराव्यात. जितक्या अडवतात तितक्याच सोडाव्यात. इंग्रजीत याचे बहुधा ‘इन सो फार ॲज’ होते. चूक नाही; पण तराजूची दोन पारडी जाऊन एक अट उरते. मराठीत मात्र ‘जितके-तितके’ अगदी जसेच्या तसे बसते. हाच माप भाषांतराला लावावा. लेखकाने जितके म्हटले तितकेच म्हणावे. त्याने राखलेली जागा त्याच्यासाठी राखावी; त्याने मोकळी ठेवलेली जागा आपण भिंत घालून बंद करू नये. त्यासाठी प्रत्येक सीमावाचक शब्दापाशी थांबून विचारावे: या बांधाच्या आत काय आहे, बाहेर काय आहे, आणि बांध सरकला तर कोणाचे नुकसान होईल? याचे उत्तर न शोधता नुसते सफाईदार वाक्य लिहिणारा, मग तो मनुष्य असो वा आजकालचे यंत्र, माझ्या मते बांध कोरणाराच.

वाचकहो, तुमच्यातील बहुतेकांना स्पॅनिश येत नाही आणि येण्याची गरजही नाही. पण परिपत्रक मराठीत वाचताना ‘काही’, ‘केवळ’, ‘आपोआप’, ‘शकेल’ या शब्दांवरून घाईने जाऊ नका. ते आहेत का ते पाहा. आणि धर्मप्रांतात जे बंधू-भगिनी भाषांतराचे कष्टाचे काम करतात त्यांना माझी विनंती आहे की, मूळ पाठ स्पॅनिश असेल तर छापण्यापूर्वी निदान हे शब्द तरी ती भाषा जाणणाऱ्या कोणाकडून ताडून घ्यावेत. आपल्या धर्मप्रांतांत अशी माणसे आहेत. त्यांना विचारायला एक दिवस लागेल.

ते जोडपे आजही मिस्सेला येते. त्या भेटीनंतर महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेलो आणि माझी चूक सांगितली: मूळ शब्द कोणता होता, मी काय बोललो, आणि का बोललो. बाईंनी चहा ठेवला. यजमानांनी विचारले, “म्हणजे ‘शकेल’ असं आहे का ते?” मी म्हणालो, “हो, ‘शकेल’.” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग बसू या फादर. कुठून सुरुवात करायची?”